नजर मंचावर, हात पॅडवर

धान कापून खळ्यावर आलं की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई ठरत जाते. पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावात त्या दिवशी लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, दंडार किंवा खडी गंमत असं लोकनाट्य रंगतं आणि रात्री जेवणं आटोपली की नाटक उभं राहतं. हे झाडीपट्टीचं नाटक. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्याचं ठाणं. गावोगावची मंडळं तिथे जाऊन प्रयोग ठरवतात आणि दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत रात्रीमागून रात्र प्रयोग होत राहतात. गाणी, विनोद, भाऊबंदकी, ताटातूट, मरण असं सगळं पहाटेपर्यंत चालतं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

या नाटकातली एक साधी घटना घ्या. थोरला भाऊ धाकट्याच्या थोबाडीत मारतो. हात गालाला लागत नाही, लागायचाही नसतो. आवाज येतो तो वादकाच्या पॅडवरून. हात गालाजवळून जातो त्याच क्षणी तो आवाज आला तर मागच्या रांगेतली म्हातारी हळहळते. पाव सेकंद उशिरा आला तर थप्पड खोटी पडते आणि तिच्याबरोबर तो सगळा प्रसंगही. नट दर प्रयोगात तेवढाच वेळ थांबत नाही. कधी तो वाक्य लांबवतो, कधी प्रेक्षकांची दाद घेऊन मगच हात उचलतो. म्हणून वादकाला नटाच्या खांद्याकडे पाहत बसावं लागतं. हात उठण्याआधी खांदा हलतो, तिथूनच त्याला इशारा मिळतो.

लॅपटॉपला जोडलेल्या पॅड कंट्रोलरवरचं प्रत्येक बटण आणि प्रत्येक नॉब कशासाठी आहे याचं उत्तर मला त्या खांद्यात सापडतं. लॅपटॉपच्या पडद्यावर माउस नेऊन जे करता येतं, तेच ही बटणं करतात. त्यात नवं काही नाही. पण माउससाठी डोळे लागतात आणि वादकाचे डोळे मंचाने आधीच मागून घेतलेले असतात. म्हणून हे प्रकरण वाचताना एकच कसोटी लावत जा : ही गोष्ट न पाहता करता येते का? येत असेल तर ती पॅडवर ठेवावी. येत नसेल तर नाटकाआधी लॅपटॉपवर उरकून घ्यावी.

झाडीपट्टीत ऑर्गन आणि तबल्याच्या शेजारी ऑक्टोपॅड येऊन आता बराच काळ लोटला. रोलंड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड आणला, त्याचं नाव पॅड-८. आज आपण ऑक्टोपॅड म्हणतो तेव्हा आवाजांनी भरलेली पेटी डोळ्यांसमोर येते, पण त्या पहिल्या यंत्रात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ पॅड होते, काठी मारली की ते तारेतून निरोप धाडत आणि दुसरं यंत्र वाजे. पुढे आवाज पॅडच्या पोटातच आले. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये ७०० आवाज होते, आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, भजनी मंडळं यांनी ते यंत्र अक्षरशः घरचं करून घेतलं. लॅपटॉपला जोडायचा पॅड कंट्रोलर पुन्हा त्या पहिल्या ऑक्टोपॅडच्या वळणावर गेला आहे. त्याच्यात आवाज नाही. तो फक्त सांगतो : कोणता पॅड, किती जोराने, किती वेळ.

त्याचं चौकोनी रूप मात्र दुसऱ्या घराण्यातलं. रॉजर लिन या अमेरिकन गिटारवादक आणि यंत्ररचनाकाराने १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रम मशीन बनवलं, ज्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज होते. त्यानेच १९८८ मध्ये अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० घडवलं. चार ओळी, प्रत्येकीत चार, असे १६ रबरी पॅड, बोटांनी वाजवायचे. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक चौरस पॅडचा आराखडा हाच. या प्रकरणात उदाहरणासाठी मी अकाईचाच एमपीडी-२१८ धरतो. तो साधा आहे, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो आणि त्यावर मोजक्याच कळा आहेत : १६ पॅड, सहा नॉब आणि डाव्या बाजूला सहा बटणं. दुसऱ्या कंपनीचा पॅड असला तरी नावं थोडी बदलतील, काम बदलणार नाही.

आधी पॅडच्या आत काय होतं ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी बटणं त्यावर उभी आहेत. ऑक्टोपॅडमध्ये काठीचा धक्का टिपणारं पिझो असतं. धक्का बसला की क्षणभर वीज निर्माण होते, धक्का संपला की गोष्टही संपते. बोटांच्या पॅडखाली दाब टिपणारा पातळ पडदा असतो. दोन थर एकमेकांवर टेकलेले, दाब वाढला की त्यांच्यातला विजेचा अडथळा कमी होतो. हा फरक मोठा आहे. पिझोला फक्त आघात कळतो, दाब-पडद्याला आघातानंतर बोट तिथेच आहे का, अजून रेटतंय का, हेही कळतं. तबल्याच्या बायावर, म्हणजे डग्ग्यावर, मनगट दाबून स्वर वर चढवणाऱ्या माणसाला याचं मोल सांगायला नको. त्याकडे पुढे येतोच.

आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. १९८३ मध्ये ठरलेल्या मिडी या भाषेतली ही मोजणी, आणि ती आजही तशीच चालू आहे. एका ठोक्याचा निरोप तीन भागांचा असतो : ठोका पडला, अमुक क्रमांकाचा, अमुक जोराने. मिडीच्या जुन्या गोल पिनच्या तारेतूनसुद्धा एवढा निरोप जायला एक सहस्रांश सेकंदाहून कमी वेळ लागतो. म्हणजे उशीर होतो तो तारेत नव्हे. तो कुठे होतो ते शेवटाकडे पाहू.

नवा पॅड हातात आला की लोक थेट आवाज भरायला बसतात. मी आग्रहाने सांगेन की पहिला तास जोर जुळवण्यात घालवा. पॅडच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी असतात. किती हलक्या स्पर्शापासून ठोका धरायचा हा उंबरठा. एकूण संवेदनशीलता. आणि हाताचा जोर व आवाजाचा जोर यांचं नातं सांगणारी वक्ररेषा. उंबरठा फार खाली ठेवला तर शेजारच्या पॅडचा धक्का लागून भलताच आवाज येतो, किंवा एक ठोका मारला की दोन वाजतात. फार वर ठेवला तर हलकी बोटं हरवतात. तबलजीचं बोट आणि ढोलकीवाल्याचं बोट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ढोलकीवाला सवयीने जोरात मारतो, म्हणून त्याचे सगळे ठोके १२० च्या पुढे जाऊन आदळतात आणि वादन सपाट ऐकू येतं. त्याने संवेदनशीलता खाली आणावी. सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटीचा आकडा दिसतो. आपल्या नेहमीच्या, न ठरवता पडणाऱ्या ठोक्याला तो ७० ते ९० च्या दरम्यान आला म्हणजे पॅड हाताला बसला. वर जायलाही जागा उरते आणि खाली यायलाही.

आता डावीकडच्या बटणांपैकी ‘फुल लेव्हल’. ते लावलं की बोट कसंही पडो, निरोप १२७ चाच जातो. स्टुडिओत नाचाचं गाणं करताना हे बटण उपयोगी आहे. नाटकात त्याचा उपयोग एकाच कामाला : थप्पड, बंदुकीचा बार, वीज कोसळणं, असे आवाज जे कधीच हलके पडून चालत नाहीत. पण गंमत अशी की हे बटण लावून विसरलं की पुढच्या गाण्यातला तबला सगळा एकाच उंचीचा होतो, आणि गर्दीच्या गोंगाटात ते लगेच लक्षातही येत नाही. त्यापेक्षा ज्या पॅडवर थप्पड आहे त्या आवाजालाच सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटीपासून तोडून टाका. मग बटणाला हात लावायचं कारणच उरत नाही. थोड्या मोठ्या पॅडवर ‘१६ लेव्हल’ नावाचं बटण असतं. ते एकच आवाज सोळाही पॅडवर सोळा वेगवेगळ्या जोरांत पसरवतं. तालाचा संथ चढ नेमका बांधायचा असेल तर ते छान, पण माझ्या मते थेट प्रयोगात त्याची गरज पडत नाही. तिथे जोर बोटातूनच यावा.

पॅडची मांडणी हा खरा जिव्हाळ्याचा विषय. एमपीसी घराण्यात मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते : १, २, ३, ४ डावीकडून उजवीकडे, मग वरची ओळ. लॅपटॉपला पहिल्या पॅडचा क्रमांक बहुधा ३६ दिसतो, कारण १९९१ च्या जनरल मिडीच्या यादीत ३६ म्हणजे मोठा ढोल, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे बंद हायहॅट. ही यादी पाश्चात्त्य ड्रमसेटची आहे, आपण ती मोडायला मोकळे आहोत. डावा हात डग्ग्याचा, उजवा तबल्याचा, ही शतकांची सवय पॅडवरही पाळावी. खालच्या डाव्या दोन पॅडवर ‘गे’ आणि ‘क’. उजवीकडच्या दोन उभ्या ओळींत ‘ना’, ‘तिं’, ‘ते’, ‘तू’. आणि ‘धा’ साठी वेगळा पॅड ठेवू नका. तयार ध्वनिसंचात ‘धा’ चा आवाज असतो, मोह होतो. पण ‘धा’ म्हणजे ‘ना’ आणि ‘गे’ एकत्र, आणि त्या दोघांतलं प्रमाण दर वेळी बदलतं. केहरव्याच्या ‘धा गे ना ति न क धि न’ मध्ये पहिल्या ‘धा’ ला डग्गा भरीव हवा, पुढच्या ‘धि’ ला तो जरा मागे सरकलेला हवा. दोन बोटं दोन पॅडवर पडली तरच ते वजन वाटता येतं. एकाच पॅडवर ठेवलेला ‘धा’ फार तर मोठा किंवा लहान होतो.

मांडणीबरोबर दोन गोष्टी लगेच लावून घ्याव्या. एक म्हणजे चोक किंवा म्यूट गट. खऱ्या तबल्यावर ‘ना’ घुमत असताना ‘ते’ वाजवलं की हात शाईवर पडून घुमारा थांबतो. पॅडला हे कळत नाही. तो ‘ना’ ची शेपटी ‘ते’ खाली वाजू देतो आणि द्रुत लयीत सगळा चिखल होतो. ‘ना’, ‘तिं’, ‘ते’ हे एका गटात टाकले की नवा आवाज आला की जुना गप्प बसतो. डग्ग्याचे ‘गे’ आणि ‘क’ वेगळ्या गटात. दुसरी गोष्ट म्हणजे दाब, ज्याला आफ्टरटच म्हणतात. पॅड दाबून धरल्यावर जाणाऱ्या दाबाचे आकडे ‘गे’ च्या स्वराच्या उंचीला जोडा. ठोका मारायचा, बोट तिथेच ठेवायचं आणि रेटायचं. डग्ग्याचा स्वर वर चढतो. मनगटाने काढलेल्या खऱ्या मींडेची सर याला येणार नाही, पण करुण प्रसंगात एकाकी बाया घुमवायचा असेल तर एवढंसुद्धा पुष्कळ आहे. यात एक खबरदारी : दाबाचा निरोप प्रत्येक पॅडचा वेगळा जाईल असं सेटिंग निवडा. सगळ्यांचा मिळून एकच निरोप ठेवला तर डग्गा दाबताना तबलाही बेसूर होतो.

उरलेल्या पॅडवर प्रसंगाचे आवाज येतात, आणि तिथे पॅडचा स्वभाव ठरवावा लागतो. थप्पड, बार, वीज हे ‘वन-शॉट’ : एकदा बोट टेकलं की आवाज आपला पूर्ण वाजून संपतो. दाराची करकर मात्र बोट आहे तोवरच हवी, कारण नटी दार किती हळू उघडेल ते तिच्या मनावर. पावसाची झड, रातकिडे किंवा तानपुरा यांना ‘टॉगल’ लावावं : एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि मधल्या काळात दोन्ही हात मोकळे. हे तीन स्वभाव चुकीच्या जागी पडले की काय होतं याची कल्पना करा. टॉगलवर ठेवलेली करकर दार लागल्यावरही चालूच राहते.

आता ‘नोट रिपीट’. पॅडवरचं माझं सर्वांत आवडतं आणि सर्वांत जास्त बिघडवलं जाणारं बटण. ते लावून पॅड दाबून धरला की तो आवाज लयीच्या ठरावीक भागाने आपोआप वाजत राहतो : पावपट, अष्टमांश, सोळांश, बत्तीसांश, आणि या प्रत्येकाचा तीनात वाटलेला प्रकार. कितव्या भागाने वाजायचं हे शेजारच्या ‘एनआर कॉन्फिग’ बटणाने ठरतं. बोटाचा दाब कमी-जास्त केला की त्या ओळीतल्या प्रत्येक ठोक्याचा जोर बदलतो, आणि बटणाचा सगळा प्राण इथे आहे. खलनायक मागच्या दाराने येतोय, हिरोला माहीत नाही. अशा वेळी ढोलाची घरघर शून्यातून उठवत न्यायची, नट वळला की एका क्षणात बोट उचलायचं. दोन काठ्यांनी हे करायला वर्षांचा रियाज लागतो. दाब न बदलता नुसता पॅड धरून ठेवला तर तीच घरघर शिवणयंत्रासारखी एकसुरी वाटते आणि प्रेक्षकाला भीतीऐवजी यंत्र ऐकू येतं.

मात्र गाण्यात ताल धरताना नोट रिपीट लावण्याआधी थांबून विचार करावा. त्याची लय लॅपटॉपच्या घड्याळाची असते. झाडीपट्टीतला गायक-नट गाता गाता संवादात जातो, परत येतो, ओळ ओढतो, ऑर्गनवाला त्याच्यामागे जातो. लॅपटॉपचं घड्याळ जात नाही. म्हणून नोट रिपीट दोन-चार क्षणांच्या कामाला वापरावं, अख्ख्या गाण्याला नाही. लय मध्येच बदलली तर ‘टॅप टेम्पो’ नावाची सोय असते. एखाद्या बटणावर लयीत चार टिचक्या मारल्या की घड्याळ नव्या लयीवर येतं. ही टिचकी डोळे मिटून, गाणं चालू असताना मारता आली पाहिजे. नाही आली तर त्या रात्रीपुरतं घड्याळ विसरून हाताने वाजवणं बरं.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर स्विंगकडे वळू. पॅडच्या इतिहासातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ती आहे. १९८० च्या एलएम-१ मध्ये रॉजर लिनने वादकाचे मागे-पुढे पडलेले ठोके ओळीत आणण्याची सोय केली आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की सगळं ओळीत आलं की संगीत निर्जीव होतं. मग त्याने सोळांशाच्या प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा पाडायची सोय केली. ती टक्क्यांत मोजतात. ५० टक्के म्हणजे दोन्ही ठोक्यांना सारखी जागा. ६६ टक्के म्हणजे पहिल्याला दोन वाटे, दुसऱ्याला एक, म्हणजे तीनाचा डौल. त्याच्या यंत्रांवर हा आकडा ७५ पर्यंत जातो. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली तर सोळांशाची एक जोडी ३०० सहस्रांश सेकंदांची होते. ५० टक्क्यांना दुसरा ठोका १५० वर पडतो, ५४ ला १६२ वर, ५८ ला १७४ वर. बारा सहस्रांशाचा फरक कानाला वेगळा ओळखू येत नाही, पण पायाला येतो. चाल बदलते.

आपल्या लोकगीतांचा केहरवा हा बरेचदा धड ५० चाही नसतो आणि ६६ चाही नसतो. दंडारीतली चाल पॅडवर बसवायची असेल तर स्विंगचा नॉब ५० पासून हळूहळू वर न्या आणि जिथे आपोआप मान डोलायला लागते तिथे थांबा. आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या गाण्याला दुसरा आकडा लागेल. अमेरिकेतला जे डिला हा संगीतकार, ज्याचं २००६ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी निधन झालं, याच घराण्यातल्या एमपीसी-३००० वर ठोके घड्याळाच्या जाळीतून जरासे सरकवून ठेवायचा. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडलेलं आहे. काचेमागे ठेवलेल्या त्या यंत्रात किमती भाग कुठला विचाराल तर मी म्हणेन, ते रबरी पॅड आणि त्यांच्यावरून सरकलेले ते सहस्रांश.

नॉबविषयी फार लिहिण्यासारखं नाही, पण चुका मात्र इथेच जास्त होतात. एमपीडी-२१८ वर सहा नॉब आहेत आणि ‘कंट्रोल बँक’ बटणाने त्यांच्या तीन बँका होतात, म्हणजे कागदावर १८ नॉब. नाटकासाठी एकच बँक वापरा. मध्यरात्री कोणत्या बँकेत आहोत हे पाहायला मान खाली घालावी लागली तर नॉब असून नसल्यासारखा. सहा पुरतात : तालवाद्यांचा आवाज, प्रसंगाच्या आवाजांचा आवाज, पार्श्वध्वनीचा आवाज, घुमारा म्हणजे रिव्हर्ब, फिल्टर, आणि शेवटचा एकूण आवाजाचा. घुमाऱ्याचा नॉब मुद्दाम सांगतो. आकाशवाणी झाली, मेलेल्या आईचा आवाज आला, स्वप्न सुरू झालं, की हा नॉब वर जातो आणि प्रसंग संपल्यावर खाली आणायचा राहून जातो. पुढचं विनोदी दृश्य मग गुहेत घडल्यासारखं वाजतं.

ज्या नॉबला दोन्ही टोकांना अडथळा असतो, त्यात आणखी एक पेच असतो. लॅपटॉपमध्ये आवाज ९० वर आहे, तुमचा नॉब मात्र २० वर उभा आहे. जरासा फिरवला की आवाज धाडकन २० वर कोसळतो. यावर सॉफ्टवेअरमध्ये ‘पिक-अप’ नावाची सोय असते : नॉब खऱ्या आकड्यापर्यंत पोहोचेपर्यंत काहीच बदलत नाही, तिथे पोहोचला की धरतो. एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ती मिळते. प्रयोगात मी तीच लावून ठेवण्याच्या मताचा आहे. नॉब फिरवूनही काही होत नाही असं क्षणभर वाटेल, पण आवाज अचानक आदळण्यापेक्षा ते परवडतं. प्रत्येक नॉबवर रंगीत चिकटपट्टीचा उंचवटा करून ठेवावा. रात्री मंचावरचे दिवे गेले तरी बोटाला कोणता कोणता ते कळतं.

‘पॅड बँक’ बटणाने १६ चे ४८ पॅड होतात, आणि ‘प्रोग सिलेक्ट’ दाबून एखादा पॅड दाबला की १६ प्रीसेटपैकी, म्हणजे साठवून ठेवलेल्या मांडण्यांपैकी, एक येतो. इथे घरी बसून नाटकाची संहिता हातात घेऊन काम करावं. गाण्याचा तबला-ढोलकीचा संच पहिल्या बँकेत, प्रसंगाचे आवाज दुसऱ्या बँकेत. आणि थप्पड मात्र दोन्ही बँकांत, त्याच जागी, त्याच कोपऱ्यावर. नट कधीही चिडू शकतो. उजवा वरचा कोपरा मी अशा कधीही लागणाऱ्या आवाजासाठी राखून ठेवायला सांगतो, कारण कोपरा बोटाला न पाहता सापडतो, मधला पॅड सापडत नाही. डावा वरचा कोपरा सगळं बंद करण्यासाठी. चुकून पाऊस चालू राहिला, एखादा स्वर अडकला, तर तिथे एक बोट आणि शांतता.

आता उशिराचा प्रश्न. बोट पडल्यापासून आवाज निघेपर्यंत लॅपटॉप थोडा वेळ घेतो. तो आवाजाचे तुकडे गोळा करून पाठवतो. तुकडा जितका मोठा तितका उशीर. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबात १०२४ चा तुकडा म्हणजे सुमारे २३ सहस्रांश सेकंद, २५६ चा म्हणजे जेमतेम सहा, १२८ चा म्हणजे तीन. प्रत्यक्षात साउंड कार्ड यात थोडी भर घालतं. २५६ वर बहुतेकांचं नीट चालतं. लॅपटॉप जुना असेल आणि आवाज तुटायला लागला तर एक पायरी वर जावं. पण उघड्या मैदानात याहून मोठा उशीर हवेचा असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचाच्या टोकाला लावलेला स्पीकर वादकापासून दहा मीटरवर असेल तर त्याचा आवाज ३० सहस्रांशांनी कानावर येतो, आणि वादक नकळत त्या उशिराच्या मागे वाजवू लागतो. यावर लॅपटॉपमध्ये काही उपाय नाही. वादकापाशी एक लहान मॉनिटर स्पीकर किंवा कानात इअरफोन हवा. मंडळाकडे मागायचीच तर महागड्या पॅडआधी ही वस्तू मागावी.

वीज जनरेटरची असते. पॅड यूएसबीवर चालतो, लॅपटॉप बॅटरीवर, म्हणून जनरेटर क्षणभर थांबला तरी हे दोघे जागेच राहतात. चार्जर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स घालावा. तो नसेल तर अंकाच्या वेळी चार्जर काढून मधल्या सुटीत लावावा. यूएसबीची तार स्टँडला बांधून टाका. मंचाच्या पुढ्यात अंधारात माणसं सतत ये-जा करतात आणि पॅडची तार निघाली तर सॉफ्टवेअर कधी कधी पुन्हा सुरू केल्याशिवाय त्याला ओळखत नाही.

सराव कसा करावा याविषयी माझं मत ठाम आहे. लॅपटॉपचा पडदा जवळजवळ मिटवून ठेवा, झाकण बंद केल्यावर तो झोपी जाणार नाही असं सेटिंग आधी करून घ्या, आणि समोर एखाद्या प्रयोगाचा व्हिडिओ मोबाइलवर लावा, आवाज बंद करून. नटांच्या हालचालींवर आवाज टाकत जा. पावलं, दार, थप्पड, पडणं, वीज. पहिल्या दिवशी हात चाचपडतात. काही दिवसांनी मांडणीतला दोष आपोआप कळतो, कारण बोट पुन्हा पुन्हा एका जागी जातं आणि आवाज दुसऱ्याच जागी असतो. अशा वेळी बोटाला शिकवत बसू नका, आवाज उचलून बोट जातं तिथे ठेवा. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून त्याने मध्येच ‘चूप’ म्हणायचं आणि तुम्ही डाव्या वरच्या कोपऱ्याने सगळं बंद करायचं, हाही खेळ करून पाहावा.

शेवटचं काम प्रीसेटचं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री वैनगंगेच्या खोऱ्यात गारवा झोंबतो. पहिल्या अंकात जे बोट ८० चा ठोका देत होतं तेच दोन वाजता गारठून ५० वर येतं, आणि वादक ते भरून काढायला रेटून मारू लागतो. लयीचं वजन तिथेच बिघडतं. म्हणून सगळी मांडणी पक्की झाल्यावर तिचीच दुसरी प्रत करावी. पॅड तेच, नॉब तेच, आवाज तेच, फक्त संवेदनशीलता वर आणि उंबरठा जरा खाली. काही पॅडवर हे सेटिंग प्रीसेटमध्ये न राहता सगळ्या यंत्राला एकच असतं; तसं असेल तर हीच दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटीच्या वक्ररेषेवर करून तिची वेगळी फाइल ठेवावी. मधल्या सुटीत चहा झाला की ती दुसरी प्रत लावायची, ‘गे’ आणि ‘ना’ चे चार ठोके मारून आकडा पुन्हा ८० च्या आसपास आला का ते बघायचं आणि तिसऱ्या अंकाला बसायचं.